समुद्रावर गेलेल्याचं ताट

तोमोए इसोबेच्या उजव्या अंगठ्याला एक घट्टा होता. चोवीस वर्षं मोजणीयंत्राची कळ दाबून पडलेला. शहरातल्या कर्करोग इस्पितळाच्या तपासणी विभागात ती माणसांच्या जठराचे, आतड्यांचे तुकडे मेणात बसवायची, केसाहून पातळ कापायची, काचेवर घ्यायची, रंगवायची आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजायची. टक, टक, टक. ही सवय तिच्या अंगात अशी मुरली होती की शेजारच्या काकूंनी बोलता बोलता किती वेळा सुनेचं नाव घेतलं, अंत्यविधीला कोण किती वेळ रडलं, हेही तिच्या डोक्यात आपोआप नोंदलं जायचं. तिच्यासमोर लोक जरा बेतानेच रडायचे.

त्या वसंतात तिच्या टेबलावर एका नव्या औषधाच्या चाचणीचे तुकडे येत होते. शरीरात जसे पहारेकरी असतात, तशा त्या पहारेकऱ्यांना आवरणाऱ्याही पेशी असतात. पहारेकरी काठी उगारून धावला की त्या मध्ये पडतात: जाऊ दे, घरचाच आहे. त्या नसत्या तर पहारेकऱ्यांनी आपल्याच घरादाराचा फडशा पाडला असता. जठरातल्या गाठीने हे बरोबर हेरलेलं असतं. या समजूतदार मंडळींना ती बोलावून घेते, आपल्याभोवती बसवते आणि त्यांच्या आड निवांत वाढत राहते. विभागात या पेशींना सगळे 'मिटवणारे' म्हणायचे. नवं औषध या मिटवणाऱ्यांनाच उचलून न्यायचं, म्हणजे पहारेकऱ्यांना वाट मोकळी.

चाचणीतला नऊ नंबरचा रुग्ण म्हणजे तोमोएचे वडील, कान्जी इसोबे. वय चौऱ्याहत्तर. उभा जन्म माखूळ धरणाऱ्या होड्यांवर गेलेला, आता ओकाझुरा गावात एकटेच राहणारे. काचेवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. पण ज्या गुरुवारी वडिलांना औषध चढलं, त्याच्या पाठोपाठ कोणाचा तुकडा येणार हे कळायला ज्योतिषी लागत नाही. नियमाप्रमाणे तिने ते काम टेबलापलीकडे सरकवायला हवं होतं. तिने सरकवलं नाही. दुसऱ्याच्या मोजणीवर आपला भरवसा नाही, एवढंच कारण तिने स्वतःला दिलं.

औषधाआधी सूक्ष्मदर्शकाखालच्या दहा चौकटींत मिटवणारे होते चारशे बारा. पहिल्या डोसनंतर एकशे साठ. दुसऱ्यानंतर अडतीस. गाठ अर्ध्यावर आली. डॉक्टर कुराहाशी वडिलांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले होते की असंच चाललं तर हिवाळ्यात पुन्हा होडीवर जाल. वडील नुसते हसले होते.

तिसऱ्या डोसनंतर त्यांच्या डाव्या दंडावर सूज आली.

तिथे एक जुना डाग होता, काडेपेटीएवढा. तरुणपणी हात दुखायचा म्हणून मोक्साच्या पाल्याची डागणी घेतली, असं ते सांगायचे. आंघोळीच्या हौदातही दंडाला फडकं बांधून उतरायचे. घरात ती गोष्ट इतकी जुनी होती की आईने मरेपर्यंत ते फडकं धुतलं, पण सोडून पाहिलं नाही. आता डागाखालची चामडी वर येत होती, वेडीवाकडी, रेघारेघांनी. डॉक्टरांना कर्करोग चामडीत उतरल्याची शंका आली. तसं असेल तर औषध बंद, आणि मग किती महिने ते तोमोएला कोणी सांगायची गरज नव्हती. तुकडा काढून तपासायला हवा होता. वडील हात पुढे करीनात.

"केवढा कापणार?" शेवटी त्यांनी तिला विचारलं.

"नखाएवढा."

"बघणार कोण?"

"यंत्र बघतं, बाबा. माणसाला वेळ कुठे आहे."

कान्जीने तिच्या अंगठ्यावरच्या घट्ट्याकडे बराच वेळ बघितलं. "तू नाही ना?"

"मी कशाला बघू."

इतकं सहज खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. तेही तिने नोंदून ठेवलं.

चामडीचा तुकडा मेणात उभा बसवायचा असतो, म्हणजे कापल्यावर थरावर थर दिसतात. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात, आणि चोवीस वर्षांत तोमोएचा एकही तुकडा चुकला नव्हता. त्या दिवशी तिच्या चिमट्याने तो आडवा ठेवला. मेण गोठल्यावर तिच्या लक्षात आलं. पुन्हा वितळवता आलं असतं. तिने पातं फिरवलं आणि कापांची लांब पट्टी कोमट पाण्यावर सोडली.

पट्टी पाण्यावर उलगडली. अजून रंग चढवला नव्हता, तरी पांढुरक्या कापांत काळे कण दिसत होते, रांगेत. एका कापात, पुढच्या कापात, त्याच्या पुढच्या. दोन डोंगर आणि त्यांच्याखाली एका गोलाची वरची कड. अकरा कापांत अकरा वेळा तीच आकृती पाण्यावर हलत होती.

त्या किनाऱ्यावर प्रत्येक घराची आपली एक खूण असते. होडीवर, मासळीच्या खोक्यांवर, छत्रीवर, थडग्यावर तीच रंगवलेली. इसोबेंची खूण म्हणजे काटकोन आणि त्याच्या पोटात एक आडवी रेघ. दोन डोंगर आणि गोल ही खूण ओकाझुरात कोणत्याच घराची नव्हती. ती कोरलेला होता फक्त एक दगड. देवळाच्या आवारात, समुद्राकडच्या कोपऱ्यात, नाव नसलेला. बोनच्या सणाला पितर घरी येतात तेव्हा वडील आधी त्या दगडावर पेलाभर साके ओतायचे आणि मग घरच्या थडग्याकडे वळायचे. लहानपणी तिने विचारलं होतं हा कोण. होडीवरचा सोबती, एवढंच उत्तर मिळालं होतं.

काप रंगवून तिने डोळा लावला. कर्करोगाची एकही पेशी नव्हती. शाई होती. शाईच्या एकेका कणाला पेशींनी गराडा घातला होता, पेटलेल्या घराभोवती गाव जमावं तसा. पन्नास वर्षं ती शाई तिथे गुपचूप पडून होती. कोणीतरी पहारेकऱ्यांना सांगत आलं होतं, जाऊ दे. आता ते सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

त्याच दिवशी आलेला जठराचा तुकडाही तिने मोजला. दहा चौकटी. मिटवणारा एक. तिने तीनदा मोजलं. एकच.

"गोंदण आहे? गुंडांच्या टोळीतले लोक करतात तसं?" डॉक्टर कुराहाशी म्हणाले. "आणि मी इतके दिवस त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलतोय. आधी सांगायचं नाही का?" मग त्यांनी समजावलं की यात भिण्यासारखं काही नाही. औषधाने आवरणारे सगळीकडूनच उचलले जातात, तेव्हा शरीर जुने हिशोब काढून बसतं. कोणाची लस टोचलेली जागा लाल होते, कोणाचं गोंदण फुगतं. फुगलं म्हणजे औषध लागू पडतंय. चौथा डोस येत्या गुरुवारी.

ही आनंदाची बातमी घेऊन ती शनिवारी गावी गेली. वडिलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आता पुरे. अर्धी गाठ गेली, अर्धी राहू द्या. इतकी वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाने मरणाला एवढं भ्यायचं नसतं. गाठीवर ते इतक्या मायेने बोलत होते की एखाद्याला वाटावं भाडेकरू आहे आणि भाडं वेळेवर देतो.

तोमोए स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर वडिलांची उष्टी भांडी होती. पण आतल्या खोलीत, समुद्राकडच्या दाराशी, आणखी एक ताट मांडलेलं होतं. झाकलेली भाताची वाटी, मिसोचं सूप, मुळ्याचं लोणचं, भाजलेल्या माखुळाचे दोन तुकडे. चॉपस्टिक्स बाहेरच्या बाजूला वळवलेल्या.

हे ताट तिने लहानपणी रोज पाहिलं होतं. घरचं माणूस समुद्रावर असलं की त्याच्या नावाने वाढायचं, आणि मग वाटीवरचं झाकण उचलून बघायचं. आतून थेंब असले की माणूस सुखरूप. वडील होडीवर असताना आई वाढायची. आता या घरातलं समुद्रावर कोणीच नव्हतं.

गरम भातावर झाकण ठेवलं तर थेंब येणारच, हे मोजणीच्या बाईला दुसऱ्याने सांगायला नको. तिने वाटीला हात लावला. भात सकाळचा असावा, दगडासारखा गार. झाकण उचललं. ते आतून थेंबांनी भरलं होतं, इतकं की एक ओघळून तिच्या मनगटावर आला. तिने बोट जिभेला लावलं.

खारट.

मागे वडील उभे होते. "बारा झाले की येतो तो," ते म्हणाले, आणि झाकण तिच्या हातातून घेऊन परत वाटीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती वृद्धाश्रमात गेली. तोकुझो आजोबा एकोणनव्वद वर्षांचे होते. वडिलांपेक्षा मोठं आणि गावचं असं आता तेवढंच माणूस उरलं होतं. खिडकीत बसून ते रंगीत कागदाच्या होड्या करत होते, कारण तिथल्या मुली त्यांना तेच करायला लावायच्या.

"चष्मा लागला वाटतं," त्यांनी तिच्याकडे बघून म्हटलं. "बापासारखी दिसायला लागलीस. कोणत्या बापासारखी, ते विचारू नकोस."

"तेच विचारायला आले आहे."

आजोबांच्या हातातली होडी अर्धी दुमडलेली राहिली. मग त्यांनी सांगितलं, एका सुरात, जणू कधीपासून पाठ करून ठेवलं होतं.

पन्नास वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एक होडी उलटली. तिच्यावर गावचा कान्जी इसोबे होता आणि उत्तरेकडून आलेला एक उपरा पोरगा, कोणाचा कोण कोणालाच माहीत नाही. उपरा वाचला. तीन दिवस किनाऱ्याने चालत तो ओकाझुराला आला, कान्जीच्या आईला सांगायला. मित्सु म्हातारी आंधळी होती. दाराशी पावलं वाजली तसं तिने मुलाच्या नावाचं ताट पुढे सरकवलं, आणि पोराने ते खाल्लं. समुद्रावर गेलेल्याचं ताट त्याने स्वतः परत येऊन खाल्लं तर तो परत आला, बस. म्हातारी म्हणाली, आलास.

"तिला कळलं नाही?"

"आंधळी होती, बहिरी नव्हती," आजोबा म्हणाले. "पोटचं पोर आवाजावरून कळणार नाही? पण ताट रिकामं झालं होतं. मग आम्ही कोण बोलणार?"

वीस दिवसांनी प्रेत किनाऱ्याला लागलं. तोंड ओळखू येण्यासारखं नव्हतं. पण त्या काळी तरणी पोरं दंडावर घरची खूण टोचून घ्यायची, बुडाला तर ज्याच्या त्याच्या दारी पोचावा म्हणून. सात जणांनी प्रेत धुतलं. सातांनी दंडावरचा काटकोन आणि आडवी रेघ पाहिली. मग त्यावर बाही ओढली आणि त्याला उपऱ्याच्या खुणेच्या दगडाखाली पुरलं. उपऱ्याच्या दंडावरची खूण त्यांनीच जाळली, मोक्साचे बारा डाग देऊन. पोराने हूं की चूं केलं नाही. सातांत एक गावकचेरीतला कारकून होता, म्हणून कागदही गप्प बसले. म्हातारी आणखी अकरा वर्षं जगली, रोज रात्री त्याच्याकडून पाय चेपून घेत.

"सातांतले सहा गेले," तोकुझो आजोबा म्हणाले. "मी एकटा आहे. कोणी विषय काढला की मी म्हणतो, जाऊ दे. मी गेल्यावर कोण म्हणणार ते बघा बुवा."

तोमोएच्या अंगठ्याने रिकाम्या हवेत कळ दाबली. एक.

आजोबा सोमवारी सकाळी गेले. पेज पिता पिता, हातात चमचा तसाच. बुधवारी अंत्यविधी झाला. वडील धूप वाहून आले ते थेट घरी, आणि दाराशी बसून राहिले. बारा वाजायला थोडा वेळ होता. तोमोएने त्यांच्या दंडाचं फडकं सोडलं; टाके बघायचे होते, उद्या डोस होता.

तुकडा काढला होता ती जागा भरून आली होती. खालचा गोल आता अख्खा वर आला होता, आंधळ्याने बोटांनी वाचावा इतका. आणि त्याच्या वर, जिथली शाई कापून मेणात बसवून तिने स्वतःच्या हातांनी काचेवर घेतली होती, जिथे आता शाईचा कणही असायचं कारण नव्हतं, तिथे टाक्यांच्या मधून दोन डोंगर पुन्हा उगवले होते.

"वाचता येतंय ना?" वडिलांनी विचारलं. मान त्यांनी वळवली नाही.

"येतंय."

"यंत्राला की तुला?"

"मला."

कान्जी थोडं हसले. "सांगायला आलो होतो, तुमचा मुलगा बुडाला म्हणून. तीन दिवसांचा उपाशी होतो. म्हातारीने ताट सरकवलं. म्हटलं आधी खाऊ, मग सांगू. खाल्ल्यावर सांगायचं राहून गेलं." त्यांनी पोटावर हात ठेवला. "ते अन्न जिथे गेलं तिथेच गाठ आली. तुझे डॉक्टर काही म्हणोत."

गावचा बाराचा भोंगा झाला. समोर समुद्र सपाट होता, ऊन लख्ख होतं. तोमोएला काही दिसलं नाही. मात्र दाराशी मांडलेल्या ताटाजवळची चटई एका जागी काळी पडत गेली, बसलेल्या माणसाएवढी, आणि ओल उंबऱ्याकडे सरकू लागली.

"काही बोलत नाही," वडील हळू आवाजात म्हणाले. "पाठमोरा बसतो. पूर्वी यायचा नाही. तिकडे ते सात बसलेले असायचे मध्ये, आणि आत तुझे ते, काय म्हणतेस तू त्यांना."

"मिटवणारे."

"दोन्हीकडचे संपले. आता औषध घेतलं की मी राहीन, पण हे उघड्यावर येईल. त्याचं नाव, त्याचं घर, त्याची आई, सगळं मी खाल्लं. निदान मरताना तरी झाकलेला मरू दे मला."

तोमोएने हिशोब केला. तो तिला कधीच जड गेला नव्हता. एका बाजूला सहा महिने, फार तर आठ. दुसऱ्या बाजूला कितीतरी वर्षं आणि एक ओली चटई. ज्याच्या नावाने ती शाळेत गेली, ज्याच्या नावाने तिला पगार मिळतो, तो तिचा कोणीच नव्हता. समोरचा मात्र तिचा बाप होता.

"माझं खरं नाव," वडिलांनी सुरुवात केली.

तिने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "नका सांगू. माहीत नसलं की तोंडातून निसटत नाही."

मग तिने हात काढला.

"उद्या तुम्ही औषध घ्यायचं. ताट मी वाढत जाईन, रोज. इथे नाही तर शहरात. कोणी विचारायला आलं, जिवंत किंवा कसंही, तर मध्ये मी आहे."

"आणि काय सांगशील?"

"जाऊ दे म्हणेन. घरचाच आहे."

चटईवरची ओल उंबऱ्याशी थांबली. बराच वेळ थांबली. मग कडेकडेने सुकायला लागली. तोमोएने फडकं घेऊन दोन डोंगर आणि गोल बांधून टाकला, आणि गाठ आईपेक्षा घट्ट मारली.

कान्जीने चौथा डोस घेतला. पाचवाही घेतला. शरद सुरू झाला तेव्हा डॉक्टर कुराहाशींनी दोघांना समोर बसवून पडद्यावर चित्रं दाखवली. गाठीच्या जागी आता नुसता पांढरट व्रण होता. मोजणीचा कागदही होता, तोमोएच्याच हातचा, आकड्याआड लपलेला. चौथ्या डोसनंतर मिटवणारा एकही नव्हता. पाचव्यानंतर पुन्हा एक दिसत होता, चौकटीच्या बरोबर मध्ये.

"एवढा एक," डॉक्टर मजेत म्हणाले. "एकटा काय करणार बिचारा." मग पेन उचलून त्यांनी नेहमीचे प्रश्न सुरू केले. भूक, झोप, जुलाब. "दंडाची सूज?"

सूज बसली होती. कोकरासारखी निमूट. फडकं आता सवयीपुरतं होतं.

"चामडीवर आणखी कुठे नवीन काही?"

वडिलांनी तोमोएकडे बघितलं. त्यांच्या उजव्या दंडावर, जिथे जन्मात कोणी सुई टोचली नव्हती, डागणी दिली नव्हती, तिथे मंगळवारपासून चामडी वर येत होती. काल रात्री तिने अंगठा फिरवून बघितलं होतं. घट्ट्याखालीही स्पष्ट लागत होतं: एक काटकोन, आणि त्याच्या पोटात एक आडवी रेघ.

"तोमोएसान? काही दिसलं का तुम्हाला?"

"नाही," तोमोए म्हणाली. "काही नाही." आणि वडिलांची बाही मनगटापर्यंत ओढून तिने बटण लावलं.